पोटातल्या बाळाचे पंचांग: दिवस जाण्याआधीपासून बाळंतपणापर्यंत काय, केव्हा आणि का

जळगाव असो, धुळे असो वा नंदुरबार, आपल्याकडच्या अनेक घरांत सुनेला दिवस गेल्याची बातमी तिसरा महिना सरेपर्यंत चार भिंतींबाहेर जाऊ देत नाहीत आणि सातव्या महिन्यात मात्र हिरवी साडी नेसवून, ओटी भरून तिचे कोडकौतुक करतात. या रीतीमागची माया खरी आहे. परंतु बाळाचे शरीर ज्या क्रमाने घडते, तो क्रम या रीतीशी जुळत नाही. हृदय, मेंदू, पाठीचा कणा, डोळे, हातपाय यांची मूळ मांडणी घर गप्प असते त्याच आठवड्यांत उरकते, आणि कौतुक सुरू होते तोपर्यंत बाळाचे उरलेले काम मुख्यतः वाढण्याचे व पक्व होण्याचे असते. म्हणून पुढील पायऱ्या बाळाच्या पंचांगाप्रमाणे मांडल्या आहेत. त्या गरोदर बाईइतक्याच तिच्या नवऱ्याने आणि सासूबाईंनीही वाचाव्यात, कारण यांपैकी निम्म्या गोष्टी एकट्या सुनेच्या हातात नसतात.

तारीख पक्की करणे

गरोदरपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात आणि पूर्ण मुदत ४० आठवड्यांची, म्हणजे २८० दिवसांची धरतात. प्रत्यक्ष गर्भधारणा त्या दिवसानंतर साधारण दोन आठवड्यांनी होते, त्यामुळे डॉक्टर 'सहा आठवडे झाले' असे सांगतात तेव्हा गर्भाचे खरे वय चार आठवड्यांचे असते. बाळंतपणाची अंदाजी तारीख काढण्यासाठी पाळीच्या पहिल्या दिवसात सात दिवस आणि नऊ महिने मिळवावेत. समजा, एका बाईची शेवटची पाळी संक्रांतीला, १४ जानेवारीला आली, तर तिची तारीख २१ ऑक्टोबर निघते. हाच दाखला शेवटपर्यंत वापरला आहे, म्हणजे कोणत्या आठवड्यात पोटात काय चालले आहे आणि त्या वेळी शेतात व घरात काय चालले आहे, हे एकाच वेळी दिसेल.

आपल्याकडच्या अनेक बायकांच्या लक्षात तारखेपेक्षा सण राहतो. 'आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी' किंवा श्रावणातल्या सणाचे नाव घेऊन 'कानबाईच्या रोटांच्या वेळी' असे सांगितले तरी हरकत नाही, कारण कॅलेंडरवर तो दिवस शोधता येतो. फक्त तो त्याच महिन्यात लिहून ठेवावा. पाळी अनियमित असेल, किंवा आधीचे मूल अंगावर पीत असताना पाळी परत न येताच दिवस गेले असतील, तर पहिल्या तीन महिन्यांतील सोनोग्राफीवर विसंबावे. त्या काळात सर्व गर्भ जवळपास एकाच गतीने वाढतात, म्हणून वयाचा अंदाज अचूक येतो. पुढे प्रत्येक बाळाची वाढ वेगळी होत जाते आणि सोनोग्राफीने काढलेली तारीख ढळते.

पहिली पायरी: दिवस जाण्याच्या निदान तीन महिने आधी

संक्रांतीच्या पाळीनंतर २८ जानेवारीच्या सुमारास गर्भनलिकेत स्त्रीबीज व शुक्राणू एकत्र येतात. त्या एका पेशीच्या दोन, चार, आठ अशा पेशी होत तो गोळा गर्भाशयाकडे सरकतो आणि फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात गर्भाशयाच्या अस्तरात रुजतो. ११ फेब्रुवारीला पाळी चुकते. १९ फेब्रुवारीच्या आसपास हृदयाची पहिली धडधड सुरू होते. ज्या नळीपासून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू तयार होतात, ती मज्जानलिका २५ फेब्रुवारीपर्यंत दोन्ही टोकांनी मिटलेली असावी लागते. पाळी चुकल्यावर आठ-पंधरा दिवस वाट पाहून, मग तपासणी करून, मग दवाखान्याचा दिवस ठरवेपर्यंत ही मुदत उलटून गेलेली असते. नळी वरच्या टोकाला उघडी राहिली तर कवटी व मेंदू घडत नाहीत आणि बाळ जगत नाही. खालच्या टोकाला उघडी राहिली तर पाठीवर कण्याचा भाग उघडा राहून पाय लुळे पडणे, लघवीवर ताबा नसणे अशी आयुष्यभराची अपंगता येऊ शकते.

हा दोष मोठ्या प्रमाणात टाळणारी फॉलिक आम्लाची गोळी स्वस्त आहे, मात्र ती वेळेआधी सुरू करावी लागते. मूल हवे असे ठरल्यावर निदान एक महिना, शक्य तर तीन महिने आधीपासून रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल घ्यावे आणि बाराव्या आठवड्यापर्यंत चालू ठेवावे. आधीच्या बाळाला असा दोष झाला असेल तर मात्रा दहापट, म्हणजे रोज ४ मिलिग्रॅम लागते आणि ती डॉक्टरांनीच ठरवायची असते. लग्नानंतर पहिल्याच वर्षी 'काही आहे का' असे विचारणाऱ्या घराने ही गोळीही त्याच वर्षी आणून द्यायला हवी, असे मला मनापासून वाटते.

फॉलिक आम्लाच्या जोडीला बी-१२ जीवनसत्त्वाकडे पाहणे आपल्या भागात विशेष गरजेचे आहे. हे जीवनसत्त्व वनस्पतीजन्य अन्नातून मिळत नाही. वारकरी परंपरेतील व इतर शाकाहारी घरांत दूध-दह्याचा वाटा कमी पडला की त्याची उणीव होते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व मुलांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात भारतीय नवजात बाळे वजनाला कमी असूनही त्यांच्या शरीरात चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असल्याचे आढळले. ज्या मातांमध्ये फॉलिक आम्ल भरपूर पण बी-१२ कमी होते, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याची, म्हणजे पुढे मधुमेहाकडे नेऊ शकणारी, प्रवृत्ती अधिक दिसली. म्हणून शुद्ध शाकाहारी बाईने बी-१२ ची रक्ततपासणी करून घ्यावी, रोज दूध, दही वा ताक घ्यावे आणि उणीव निघाल्यास गोळी किंवा इंजेक्शन घ्यावे.

आता सिकलसेलविषयी, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होण्याच्या आजाराविषयी, कारण सातपुड्याच्या पट्ट्यात, म्हणजे नंदुरबार जिल्हा तसेच शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांच्या डोंगराळ भागात, भिल्ल व पावरा समाजांमध्ये हा आजार आढळतो. दोष हिमोग्लोबिनच्या जनुकात असतो आणि प्रत्येकाला या जनुकाच्या दोन प्रती मिळतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. एकच प्रत सदोष असेल तर ती व्यक्ती वाहक असते आणि सहसा निरोगी दिसते. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के, वाहक होण्याची ५० टक्के आणि पूर्ण निर्दोष असण्याची २५ टक्के असते. येथे घरोघरी एक चूक होते: पहिले मूल आजारी निघाले म्हणजे पुढची तीन चांगली निघतील, असा हिशेब केला जातो. प्रत्येक खेपेला तीच शक्यता नव्याने लागू होते. ग्रामीण रुग्णालयात विद्राव्यता चाचणी ही रक्ताची प्राथमिक तपासणी होते आणि ती सकारात्मक आल्यास हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीने वाहक की रुग्ण हे पक्के कळते. ही तपासणी लग्नाआधी व्हावी. राहून गेली असेल तर गरोदरपणाच्या पहिल्या भेटीत व्हावी. दोघे वाहक निघाल्यास दहाव्या ते तेराव्या आठवड्यात वारेचा (प्लॅसेंटाचा) सूक्ष्म तुकडा, किंवा पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल तपासून बाळाची स्थिती मोठ्या केंद्रात कळू शकते. जवळच्या नात्यात, आत्ते-मामे भावंडांत सोयरीक झाली असेल तर असे दोन्हीकडून येणारे इतर आजारही संभवतात, म्हणून ते नाते डॉक्टरांना न संकोचता सांगावे.

याच पायरीवर हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि रक्तदाब पाहून घ्यावेत. गोवराची जर्मन जात म्हणून ओळखल्या जाणाऱ्या रुबेलाची लस घेतलेली नसेल तर ती आताच घ्यावी आणि त्यानंतर एक महिना दिवस जाऊ देऊ नयेत. ऑस्ट्रेलियातील नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी १९४१ मध्ये दाखवून दिले की गरोदरपणाच्या आरंभी आईला झालेला हा साधा वाटणारा ताप बाळाला मोतीबिंदूसह जन्माला घालतो. हृदयदोष व बहिरेपणही त्यातून येतात. ही लस गरोदरपणात देता येत नाही. फिट, मुरुमे, रक्त पातळ करणे, सांधेदुखी किंवा रक्तदाब यांची औषधे चालू असतील तर ती स्वतःहून बंद न करता, मूल हवे आहे असे सांगून बदलून घ्यावीत. व्हॅल्प्रोएट, आयसोट्रेटिनॉइन, वॉर्फरिन, मेथोट्रेक्सेट ही नावे चिठ्ठीवर दिसल्यास हा सल्ला अजिबात पुढे ढकलू नये.

वयाचाही विचार हवा. अठरा वर्षांखालील मुलीचे स्वतःचेच शरीर वाढत असते आणि पोटातले बाळ व ती एकाच ताटातले अन्न वाटून घेतात. पस्तिशीनंतर डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रदोषांची शक्यता वाढत जाते. दोन बाळंतपणांत निदान तीन वर्षांचे अंतर असले की आईचा लोहाचा साठा भरून येतो.

दुसरी पायरी: पाळी चुकल्यापासून होळीपर्यंत

आपल्या दाखल्यात ११ फेब्रुवारी ते २५ मार्च हा काळ येतो. या काळाच्या अखेरीस गर्भ जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो, पण त्याचे सर्व प्रमुख अवयव मांडलेले असतात. ज्या दिवसांत जो अवयव घडत असतो, त्या दिवसांत झालेला आघात त्या अवयवावर उमटतो. याचा सर्वांत दुःखद धडा थॅलिडोमाइडने दिला. १९५७ मध्ये जर्मनीत विक्रीस आलेले हे औषध मळमळीवरही दिले जाऊ लागले आणि १९६१ मध्ये मागे घेतले जाईपर्यंत जगभरात दहा हजारांहून अधिक बाळे आखूड वा नसलेल्या हातपायांनी जन्मली. गर्भधारणेनंतर साधारण विसाव्या ते छत्तिसाव्या दिवसाच्या दरम्यान घेतलेल्या गोळ्या घातक ठरल्या. म्हणून या आठवड्यांत मेडिकल दुकानातून 'काहीतरी द्या' म्हणून आणलेली कोणतीही गोळी, पाळी आणण्यासाठी दिलेला काढा, मुलगा व्हावा म्हणून मिळणारी पुडी, यांतले काहीही पोटात जाऊ नये. मुलगा की मुलगी हे गर्भधारणेच्या क्षणीच वडिलांच्या शुक्राणूतील गुणसूत्राने ठरलेले असते. नंतर घेतलेल्या पुडीने ते बदलत नाही. पुडीत जे काही मिसळलेले असेल ते मात्र बाळापर्यंत पोहोचते. कशासाठीही एक्स-रे काढायची वेळ आली तर 'पाळी चुकली आहे' हे आधी सांगावे. चढता ताप अंगावर काढू नये, कारण या दिवसांत शरीराचे तापमान फार वाढणे हेही मज्जानलिकेला घातक आहे. डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावे आणि तापाचे कारण शोधावे.

वार सगळे वाईट गाळून घेते, हा समज चुकीचा आहे. आईचे व बाळाचे रक्त वारेत एकमेकांत मिसळत नाही हे खरे, पण प्राणवायू व साखर ज्या वाटेने जातात त्याच वाटेने निकोटिन, दारू, शिसे आणि धुरातील कार्बन मोनॉक्साइडही जातो. आपल्याकडे तंबाखू ओढणाऱ्या बायका थोड्या आहेत, पण सकाळी मशेरी लावणाऱ्या पुष्कळ आहेत आणि ती तंबाखू आहे असे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. मशेरीतील निकोटिन हिरड्यांतून थेट रक्तात उतरते, वारेकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसवते आणि बाळ वजनाला कमी राहते. ती सोडायला जड जाते, म्हणून सुनेला सोडायला सांगताना सासूबाईंनी स्वतःही सोडली तर दोघींनाही सोपे जाईल. दारूची सुरक्षित मात्रा कोणतीच नाही. होळी व तिच्या आधी भरणाऱ्या भोंगऱ्या बाजाराच्या दिवसांत सातपुड्यात मोहाची दारू मानाने पुढे केली जाते. गरोदर बाईसाठी तो मान मोहाच्या फुलांच्या भाकरीने किंवा लाडवाने राखावा. चुलीवर स्वयंपाक होत असेल तर निदान या वर्षी गॅस तिच्यासाठी राखून ठेवावा. ते शक्य नसेल तर चूल उघड्या जागेत मांडावी.

पाळी चुकल्याबरोबर आशाताईंकडून लघवीची तपासणी करून घ्यावी आणि बारा आठवड्यांच्या आत, दाखल्यात ८ एप्रिलपूर्वी, उपकेंद्रात नोंदणी करून माता-बाल संरक्षण कार्ड घ्यावे. बातमी गावभर करायची नसेल तर करू नये, पण आशाताई व नर्सताई या दोघींपासून ती लपवू नये. आमच्याच घरात एका बाळंतपणाची नोंदणी चौथा महिना लागल्यावर झाली. थायरॉइडचा दोष तेव्हा कळला आणि औषध तेव्हा सुरू झाले. बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी पहिल्या तिमाहीत काम करत नसते, त्या महिन्यांत त्याचा मेंदू आईच्या संप्रेरकावरच वाढत असतो, हे आम्हाला नंतर समजले. ते दोन महिने आजही मनातून जात नाहीत.

पहिल्या भेटीत वजन, उंची, रक्तदाब, हिमोग्लोबिन, रक्तगट, लघवी, साखर, एचआयव्ही, सिफिलिस व कावीळ-ब या तपासण्या व्हाव्यात. आईचा रक्तगट निगेटिव्ह व वडिलांचा पॉझिटिव्ह असेल तर अठ्ठाविसाव्या आठवड्यात अँटी-डी इंजेक्शन लागते आणि बाळ पॉझिटिव्ह निघाल्यास बाळंतपणानंतर ७२ तासांत पुन्हा लागते. धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस पहिल्या भेटीत व पुन्हा चार आठवड्यांनी घ्यायची असते. गेल्या तीन वर्षांत आधीच्या बाळंतपणात दोन मात्रा झाल्या असतील तर एकच पुरते. मळमळीच्या या दिवसांत फार खाल्ले गेले नाही तरी बाळाचे बिघडत नाही, कारण त्याची गरज अजून चिमूटभर असते. मात्र घोटभर पाणीही टिकत नसेल, लघवी गडद व थोडी होत असेल, तर सलाईनची गरज असते.

तिसरी पायरी: आखाजीचे ऊन आणि लाल गोळी

एप्रिल ते जून. आखाजीला लेकी माहेरी येतात, झोके बांधले जातात, आणि याच आठवड्यांत भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांपर्यंत चढतो. आपली बाई तेव्हा चौथ्या-पाचव्या महिन्यात असते. गरोदर शरीर आधीच जास्त उष्णता निर्माण करते. पाणी कमी पडले की वारेकडे जाणारे रक्त कमी होते, आणि अतिउष्णतेत मुदतीपूर्वी बाळंतपण होण्याचा व बाळ पोटात दगावण्याचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील अभ्यासांत दिसले आहे. त्यामुळे पापड, कुरडया, बिबड्या घालण्याचे वाळवणाचे काम पहाटे उरकावे आणि अकरा ते चार तिला गच्चीवर वा शेतात पाठवू नये. प्रवास एसटीने असेल तर सकाळच्या पहिल्या गाडीने व्हावा. पाणी तहान लागण्याची वाट न पाहता प्यावे आणि लघवीचा रंग फिकट राहतो का ते पाहावे. ताक, कैरीचे पन्हे, लिंबूपाणी चांगले. माहेरी जाताना कार्ड, तपासण्यांचे कागद व गोळ्या बरोबर न्याव्यात आणि तिथल्या आशाताईंना पहिल्याच आठवड्यात भेटावे. सासरी नोंद व माहेरी मुक्काम या फटीत अनेकींच्या दोन-दोन तपासण्या निसटतात.

चौथ्या महिन्यापासून लोहाची लाल गोळी सुरू होते: ६० मिलिग्रॅम लोह व ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक आम्ल, रोज एक, निदान १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस. हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर दोन गोळ्या लागतात. ७ च्या खाली असेल तर ती तीव्र रक्तक्षयाची स्थिती असून रुग्णालयातच उपचार हवेत. गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर घ्यावी. चहा, दूध व कॅल्शियमची गोळी यांच्यापासून ती दोन तास दूर ठेवावी, कारण ते लोह शोषू देत नाहीत. शौचाला काळे होणे हे लोहाचेच लक्षण आहे, त्याला घाबरून गोळी सोडू नये. 'या गोळीने बाळ काळे होते' या समजामुळे किती गोळ्या परसात फेकल्या जातात, हे गावोगावच्या आशाताईंना विचारावे. बाळाचा वर्ण आईवडिलांच्या जनुकांनी ठरतो, लोहाने वा केशराने बदलत नाही. सिकलसेलचा आजार असलेल्या बाईने मात्र लोह डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावे. कॅल्शियमची ५०० मिलिग्रॅमची गोळी चौदाव्या आठवड्यापासून दिवसातून दोनदा, आणि जंतासाठी अल्बेंडाझोल ४०० मिलिग्रॅमची एकच मात्रा पहिली तिमाही संपल्यावर घ्यायची असते.

अठराव्या ते विसाव्या आठवड्यात, दाखल्यात २० मे ते ३ जून, अवयवांची सोनोग्राफी करावी. हृदयाचे कप्पे, कणा, मूत्रपिंडे, ओठ हे या वेळी नीट दिसतात, आणि गंभीर दोष निघाल्यास पुढचा विचार करायला कायद्याने वेळ उरतो. ही तपासणी बाळाचे लिंग जाणण्यासाठी नाही. १९९४ च्या कायद्याने ते सांगणे व विचारणे दोन्ही गुन्हा आहे. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. बाळ वाचवण्यासाठी आलेले यंत्र आपल्याच जिल्ह्यात कशासाठी वापरले गेले, ते या एका आकड्यातून कळते.

याच सुमारास पहिली हालचाल जाणवते. पहिलटकरणीला अठरा ते वीस आठवड्यांत, आधी बाळंत झालेलीला थोडी लवकर. पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ आवाजाला प्रतिसाद देऊ लागते आणि जन्मल्यावर आईचा आवाज ओळखते. गर्भसंस्काराच्या महागड्या वर्गांनी बुद्धी वाढते असे सिद्ध झालेले नाही. आईने जात्यावरच्या अहिराणी ओव्या गुणगुणल्या, तर बाळाला जो आवाज हवा आहे तोच मिळतो.

चौथी पायरी: पेरणी, फवारणी आणि वाढीचे महिने

अठ्ठाविसाव्या आठवड्यात, २९ जुलैला, बाळ साधारण एक किलोचे असते आणि २१ ऑक्टोबरला ते पावणेतीन-तीन किलोचे व्हायचे असते. बारा आठवड्यांत जवळजवळ तिप्पट. जन्मतःचे वजन अडीच किलोच्या खाली गेले की संसर्ग, थंडी व वाढ खुंटण्याचा धोका वाढतो. तरीही 'बाळ मोठे झाले तर अडेल' म्हणून नेमके याच महिन्यांत तिचे ताट कमी केले जाते. या समजुतीने आपल्या भागात फार नुकसान केले आहे.

ताट भरायला बाहेरून काही आणावे लागत नाही. कळण्याची, म्हणजे ज्वारी व उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी हे गरोदरपणाचे उत्तम अन्न आहे: ज्वारीच्या प्रथिनांत लायसीन कमी असते, उडदात ते भरपूर असते, आणि उडदात जे कमी ते ज्वारी भरून काढते. दादर ज्वारीच्या भाकरीसोबत घट्ट वरण, डाळीचे फुनके, अंबाडी, मेथी किंवा शेवग्याच्या पाल्याची भाजी, शेंगदाणे, तीळ आणि ऋतूप्रमाणे पेरू वा आवळा असावा. खाणाऱ्या घरात अंडी व मासे असावेत. रावेर-यावलची केळी ताकद देतात पण त्यांत लोह फारसे नसते, म्हणून केळ्यावर भागवू नये. भाजीत तेल व तिखटाचा तवंग थोडा कमी करावा, मीठ आयोडीनयुक्तच असावे. दुसऱ्या व तिसऱ्या तिमाहीत रोज सुमारे ३५० किलोकॅलरी जास्त लागतात, म्हणजे एक भाकरी, वाटीभर वरण व मूठभर शेंगदाणे. पूर्ण मुदतीत दहा ते बारा किलो वजन वाढावे. पिकलेली पपई खायला हरकत नाही, कच्ची टाळावी. ग्रहणात बाईला उपाशी-तहानलेली बसवून ठेवू नये; ग्रहणाने ओठ फाटत नाहीत. आदिवासी गावांतील सहा महिन्यांच्या गरोदर बाईला डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून अंगणवाडीत रोज एक पूर्ण गरम जेवण मिळते. ते तिथेच बसून खावे. घरी नेले की त्याचे पाच वाटे होतात.

साखरेची तपासणी पहिल्या भेटीत व पुन्हा चोविसाव्या ते अठ्ठाविसाव्या आठवड्यात करतात: ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर १४० किंवा अधिक आली तर तो गरोदरपणातील मधुमेह. आईची साखर वारेतून बाळाकडे जाते, पण तिचे इन्सुलिन जात नाही, म्हणून बाळ स्वतःचे इन्सुलिन वाढवते, अवास्तव फुगते आणि जन्मल्यावर त्याची साखर एकदम घसरते. आहार, चालणे व गरज पडल्यास औषध यांनी हे आवरता येते.

कपाशीवरची फवारणीही याच महिन्यांत येते. औषध कालवणे, पंपात भरणे, फवारलेल्या वाफ्यात निंदायला जाणे, यांतले काहीही गरोदर बाईने करू नये. एक गोष्ट हमखास विसरली जाते: फवारणी करून आलेल्या नवऱ्याचे कपडे तीच धुते. ते त्याने स्वतः, वेगळ्या बादलीत धुवावेत आणि अंघोळ करूनच घरात यावे. लेबलवर लिहिलेला काळ उलटेपर्यंत शेतात जाऊ नये आणि औषधाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरू नये. मजुरीवर जाणाऱ्या बाईला घरच्या शेताइतका नकार देता येत नाही, याची जाणीव शेतमालकाने ठेवून तिला त्या दिवशी दुसरे काम द्यावे.

अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर कुशीवर झोपावे आणि बाळाच्या हालचालींकडे रोज लक्ष द्यावे. जेवणानंतर कुशीवर पडून दोन तासांत दहा हालचाली जाणवल्या नाहीत, किंवा नेहमीपेक्षा बाळ मंद वाटले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तदाब १४०/९० किंवा अधिक, डोके ठणकणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर व हातांवर सूज, बरगडीखाली वेदना, अंगावरून रक्त वा पाणी जाणे, ही लक्षणे दिसल्यासही तसेच करावे. फुप्फुसे उघडी ठेवणारा द्रव चोविसाव्या आठवड्यापासून बनू लागतो व पस्तिसाव्यापर्यंत पुरेसा होतो. चौतिसाव्या आठवड्याआधी कळा सुरू झाल्या तर आईला दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी बाळाची फुप्फुसे लवकर तयार होतात, पण त्यांचा परिणाम दिसायला काही तास लागतात. म्हणून सोसत घरी थांबण्यात बाळाचे नुकसान आहे. महिन्याच्या ९ तारखेला सरकारी रुग्णालयांत डॉक्टरांकडून मोफत गरोदर तपासणी होते; या काळात ती चुकवू नये.

पाचवी पायरी: मुदत जवळ आल्यावर

सदतिसावा आठवडा ३० सप्टेंबरला भरतो. त्याआधी रुग्णालय, गाडी, बरोबर येणारी माणसे व रक्त देऊ शकणारे दोघे ठरलेले असावेत. १०२ व १०८ हे क्रमांक भिंतीवर लिहावेत. धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, जिथे रस्त्यापर्यंत झोळीतून आणावे लागते, तिथल्या बाईने तारखेच्या आठवडाभर आधीच रुग्णालयाजवळ येऊन राहावे. ऊसतोडीला किंवा सुरतेकडे निघायचा हंगाम याच सुमारास येतो. निघावेच लागले तर कार्ड सोबत न्यावे आणि पोहोचताच तिथल्या आरोग्य केंद्रात दाखवावे. सरकारी रुग्णालयात बाळंतपण, औषधे, रक्त व जाण्यायेण्याची गाडी हे सर्व मोफत आहे. पहिल्या अपत्यासाठी मातृवंदना योजनेतून ५,००० रुपये मिळतात, दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये. बँक खाते व आधार जोडलेले नसेल तर ते काम आधीच उरकावे.

बाळ जन्मल्यावर ते ठणठणीत रडत असेल तर नाळ लगेच न कापता एक ते तीन मिनिटे थांबावे, असे नर्सताईंना आधीच सांगून ठेवावे. तेवढ्या वेळात वारेत उरलेले रक्त बाळाकडे येते, आणि पुढचे सहा महिने, वरचे अन्न सुरू होईपर्यंत, त्यातले लोह त्याला पुरते. त्यानंतर तासाभराच्या आत बाळाला आईच्या छातीशी लावावे. मध, साखरेचे पाणी किंवा गुटी काहीही आधी चाटवू नये.